मानाचं गुलाबपाणी

मी गुलाबदाणी बोलतेय. हुपरीच्या चांदीची, लांब मानेची आणि जरा तिखट स्वभावाची. तोंडातून मात्र जन्मभर गुलाबपाणीच गाळावं लागलं, त्याला माझा नाइलाज.

खडेबाजारातल्या चिंतामणराव वकिलांना सरकारनं 'रावसाहेब' केलं, तेव्हाच्या पानसुपारीच्या समारंभात मी त्यांना भेट मिळाले. त्या दिवसापासून साहेबांना माणसं कमी दिसू लागली आणि खुर्च्या जास्त.

आधी ते कौन्सिलात सरकारनं नेमलेले सभासद होते. ती खुर्ची गेली, तसे शेजारच्या एका संस्थानाचे वकील, म्हणजे दरबारचे प्रतिनिधी, होऊन कोल्हापुरात इंग्रज रेसिडेंटच्या बंगल्यावर ये-जा करू लागले. तिथं त्यांनी एकच विद्या मनापासून घेतली. दरबारी रीत अशी, की अत्तर-गुलाब झालं म्हणजे भेट संपली, पाहुण्यानं मुकाट उठायचं. संस्थानिकाची मर्जी फिरल्यावर साहेबांनी निपाणीत तंबाखूची वखार काढली, आणि तिथून परत सरकारात. घाण्याचा बैलसुद्धा कधीतरी दमतो हो. साहेब नाही दमले.

बेचाळीस साली ते सरकारच्या लढाईच्या मदत कमिटीवर होते. तेव्हा उचगावची नागुबाई दारात आली. तिचा एकुलता लेक परशराम चळवळीत धरला गेला होता आणि तुरुंगात रक्ताच्या गुळण्या टाकत होता.

"साहेब, एक शबुद टाका," ती म्हणाली. "ल्योक आत मरंल माझा."

"बाई, मी सरकारचा माणूस. सरकारला कसं सांगू?"

एवढं बोलून साहेबांनी मला उचललं आणि तिच्या पदरावर शिंपडलं. म्हणजे, निघा आता.

पण नागुबाईच्या गावात गुलाबपाणी शिंपडतात ते लग्नात, मानाच्या पाहुण्यावर. तिला वाटलं, साहेबांचं बोलणं वरवरचं, काम झालं. पदर नाकाशी धरून ती हसतमुखानं पायऱ्या उतरली. अगं बाई, तुला हाकललंय, असं ओरडावंसं वाटलं मला. पुढं कळलं ते असं, की गावी जाऊन तिनं घर सारवलं, शेजारणींना सांगितलं. तिचा दीर भावकू दुसऱ्या वकिलाकडं अर्ज घेऊन निघाला होता, त्यालाही तिनं थांबवलं. एवढा मान दिलेल्या माणसावर अविश्वास दाखवणं तिला बरं दिसेना.

वाट बघून ती पुन्हा आली, तोवर साहेब परत संस्थानात. "परक्या हद्दीत तोंड कसं घालू?" म्हणाले, आणि शिंपडलं. तिसऱ्या खेपेला ते निपाणीचे व्यापारी होते, आणि व्यापाऱ्यानं राजकारणात पडू नये असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हाही शिंपडलंच, आणि दर खेपेला ती मान मिळाला म्हणून आशेनंच परतली.

परशराम सुटला तो मरायला टेकल्यावर. घरी आला आणि आठवड्यात गेला.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात साहेब खादीत आले. टोपी तेवढी नवी, खालचं डोकं जुनंच. खडेबाजारातल्या सभेला त्यांनी हुतात्म्याची आई म्हणून नागुबाईला मोटार पाठवून आणलं. "परशरामच्या सुटकेसाठी मी काय खटपट केली, ते या माउलीला विचारा," असं भाषणात सांगितलं आणि तिच्या सत्काराला मला उचललं.

नागुबाईनं माझ्या तोंडावर तळहात धरला.

"नगं साहेब," ती हळूच म्हणाली. "दरबारात ह्येला 'जा' म्हणत्यात, हे मला मागनं कळलं. भावकू अर्ज घिऊन निघालता, त्येला मीच अडवलं. तुमी तोंडानं 'जा' म्हणाला असता, तर मी दुसरं दार बघितलं असतं."

साहेब मात्र तयारीचे. "माउली भावनावश झाल्यात," म्हणाले आणि टाळ्या घेऊन बसले.

आता ते परदेशातल्या हिंदुस्थानच्या वकिलातीत जाणार म्हणे. मला रांगोळीनं घासून सामानात भरायला काढलंय.

वाचणाऱ्यांनो, एवढं ऐका माझं. मला त्यांच्यासंगं धाडू नका. सोनाराकडं देऊन आटवा आणि माझा साधा पेला करा. उचगावहून तीनदा चालत आली ती बाई, आणि त्या घरात तिला प्यायला पाणी कुणी विचारलं नाही.