टाकीतलं लाल पाणी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी आहे. डिकीखाली बसते, म्हणून मला कुणी ओळखत नाही. पण आमची गाडी जिथे जिथे गेली, तिथे माझ्यातल्या पेट्रोलवर गेली.

मिठागरात उमेदीची वर्षं घालवलेल्या परशुरामने घोडबंदर रोडची जमीन गेल्यावर मिळालेल्या पैशातून ही गाडी घेतली. अख्खा गाव बघायला लोटला. पुढे पेट्रोलचा काटा बंद पडला, तेव्हा तो मला बोटाने ठोकून आवाजावरून किती पेट्रोल उरलंय ते ओळखायचा. ते माझे मानाचे दिवस.

तो वारला आणि गाडी अंगणात उभी राहिली. फक्त दसऱ्याला त्याची बायको आवडाबाई तिला न्हाऊ घालायची. बादल्यांवर बादल्या, मग हळदकुंकू, झेंडूचा हार. माझ्या झाकणाचं रबर झिजलेलं. तिच्या मायेचं पाणी माझ्या पोटात उतरायचं आणि मी आतून गंजत राहायची.

यंदा नवरात्रात आवडाबाईने हट्ट धरला, टेंभी नाक्याच्या देवीला याच गाडीतून जायचं. गाडी दोन आचके देऊन थांबली. मुलगा रघु वैतागला. "आई, दसऱ्याच्या आत ही स्वतःहून देवीला पोचली तर ठेवू. नाहीतर भंगारात."

"आरं, तुझे बापासची गारी हाय ती! भंगारान तूच जा!"

वर्तकनगरचा मेकॅनिक विश्राम आला. त्याने मला उतरवून रिकामं केलं, तर पेट्रोलखालून लाल पाणी निघालं.

"मावशी, आंघोळ गाडीला घालता की टाकीला?"

आवडाबाईने तोंडाला पदर लावला. "दर साल मीच वततंय पानी. आता रं?"

"आता धुऊन बघू. पत्रा टिकला तर गाडी टिकली."

माझ्यात बारीक खडी आणि डिझेल घालून त्यांनी तोंडं बुचांनी बंद केली. एका टोकाला विश्राम, दुसऱ्याला रघु, दोघे मला हलवू लागले. खडी आत घासत होती, गंजाच्या खपल्या सुटत होत्या. मला एकच धास्ती, कुठे भोक पडलं तर?

"रघु, बारशाचा पालना हाय का? जोरान हलव!" आवडाबाई ओरडली. रघुची मुलगी तुळसा हसत हसत बापाच्या मदतीला धावली.

पुन्हा पुन्हा खळबळून शेवटी डिझेल स्वच्छ निघालं. मला उन्हात वाळवलं, झाकणाला नवं रबर बसवलं आणि काठोकाठ पेट्रोल भरलं. सगळे वाकून खाली बघत राहिले. एक थेंब गळला नाही!

देवीला जाताना माजिवड्याच्या पुलावर चढ होता, मागे बस हॉर्न देत होती. रघुने गिअर बदलला. मी पेट्रोल देत राहिले आणि गाडी न अडखळता चढ चढून गेली. टेंभी नाक्यावर ढोल घुमत होते. रघुने आधीच सांगून ठेवलेल्या भंगारवाल्याला गाडीतूनच फोन लावला. "येऊ नको रे बाबा. गाडी देवीला पोचली!"

आवडाबाई रुबाबात उतरली आणि गर्दीला म्हणाली, "बाजूला व्हा रं, गारी आपले पायान आली!"

मित्रांनो, आता दसऱ्याला मला ओल्या फडक्याने पुसतात आणि पावसाळ्यात आत दमट हवा साचू नये म्हणून भरलेली ठेवतात. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला हार जरूर घाला, पण त्याआधी झाकण काढून एकदा आत बघा.