रस्ता बंद आहे

“एक घोडा, आणि त्याची ही चार तोंडं!” यांनी वही टेबलावर आपटली. माझा चहा बशीत सांडला. “हेस्तुर, हेस्त, हेस्ती, हेस्त्स. अगं, घोडा एकच आहे ना?”

“मग आपला काय करतो?” मी फडक्याने टेबल पुसत म्हटलं. “घोडा, घोड्याला, घोड्याने, घोड्याचा. त्याच्यावर कधी रागावलात का?”

“तो घरचा आहे.”

मी हात टेकले.

गेले आठ महिने आमच्या घरात हेच चाललंय. पस्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी फोनवर आइसलँडची एक बातमी उघडतो आणि दुपारपर्यंत तिच्याशी भांडतो. वहीत तीन रकाने: शब्द, अर्थ, कुठून घेतला. शिवाय शेवटी बरोबरच्या खुणेसाठी जागा. ती खूण कधी करायची, याचा नियमही कामावरचाच. लिफ्ट दुरुस्त केली, की स्वतः आत उभं राहून वर-खाली एक फेरी मारायची, आणि मगच खूण. शब्दांचंही तसंच. ठकीशी बोलताना वापरला तरच खूण. इतक्या महिन्यांत खुणा किती? दोन. ‘हो’ आणि ‘नाही’.

ठकी म्हणजे आमची नात. सहा वर्षांची, तिकडेच जन्मलेली. आमचे चिरंजीव नोकरीसाठी तिकडे गेले, तिथलीच मुलगी केली, संसार थाटला आणि दोन वर्षांपूर्वी तो मोडून तिसऱ्याच देशात दुसऱ्याच बाईबरोबर राहायला गेले. त्याचा विषय निघाला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून पुरे. कागदोपत्री सूनबाई आता आमची सून नाही. पण भली पोर. दर रविवारी दुपारी ठकीला फोनसमोर बसवते. पूर्वी मध्ये बसून चिरंजीव इकडचं तिकडे सांगायचे. आता मध्ये कोणीच नाही. आम्ही हात हलवतो, ती हात हलवते. आम्ही हसतो, ती बघत बसते. तासाचा फोन दहा मिनिटांवर आला. मागच्या महिन्यात दोन रविवार आलाच नाही. लहान पोर किती दिवस मुक्या म्हाताऱ्यांकडे बघत बसेल? एक दिवस उठून जाईल, ती कायमची. या भीतीने आम्ही दोघंही रविवारी सकाळी नीट जेवत नाही.

फोनमधल्या भाषांतराचाही प्रयोग झाला. मी एकदा लाडाने “माझं सोनं गं ते” म्हटलं, तर पोरीला वाटलं, आजी तिच्याकडे दागिना मागतेय. ती गळ्यातली मण्यांची माळ काढायला लागली. तो नाद तिथेच सोडला.

मग यांनी पुस्तक मागवलं. ते निघालं इंग्रजीतून शिकवणारं. “आधी एक भाषा शिका, मग तिच्यातून दुसरी! तळमजल्यावर जायला आधी गच्चीवर कशाला चढू?” म्हणून ते परत. आणि सुचल्या बातम्या. “बातमीत फापटपसारा नसतो. कोण, कुठे, केव्हा, किती जखमी. बस्स.”

इथेच तर घोडं पेंड खात होतं. या माणसाला आता पोलीस येतात, भूकंप येतो, संप येतो, माशांचे भाव येतात. “जेवलीस का?” येत नाही! ते बातमीत कोण छापणार? मंत्री एका समारंभाला येणार नाही, हे वाक्य आठवडाभर न्हाणीघरातून ऐकू येत होतं: कोणीतरी केमुर एक्की, केमुर एक्की. बादलीसुद्धा पाठ करून बसली असेल. एकाच वाक्यावर यांचा फार जीव. वेगुरिन एर लोकादुर, म्हणजे रस्ता बंद आहे. तिकडे वादळ आलं की रोज छापतात. जन्मभर ‘लिफ्ट बंद आहे’ची पाटी टांगलेल्या माणसाला ते आवडणारच.

“अहो, सहा वर्षांच्या पोरीला रस्त्याचं काय सांगणार आहात?”

“भाषा अशीच शिकतात. तुला नाही कळायचं.”

नाहीच कळत. आजोबाला आफी लिहायचं आणि आवी म्हणायचं, हे कोणाला कळावं? आजीला मात्र आम्मा. ते तेवढं शहाण्यासारखं.

त्या रविवारी फोन आला. ठकीने आल्या आल्या तोंड उघडून कॅमेऱ्यात घातलं. पुढचा दात पडला होता. मी टाळ्या वाजवल्या. हे खाकरले, ताठ बसले आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात म्हणाले, “लीदान हेन्नार एर स्तोदुग.”

मग ठकी अशी हसत सुटली की खुर्चीवरून घसरली. मागे भांडी पुसणारी सूनबाई ओट्याला धरून हसत होती. तिला हसताना मी दोन वर्षांनी पाहिलं.

“काय बोललात हो?”

“तिची प्रकृती स्थिर आहे. अपघाताच्या बातमीत शेवटी असतं.”

कपाळ माझं. पण पोर खूश. हेही खूश, लगेच वहीत खूण केली. अजून एक, अजून एक, म्हणून ती बोट नाचवत होती. यांनी सांगितलं, भूकंप झाला. पोलीस आले. पोर नुसती खिदळत होती.

मग ती थांबली. फोन जवळ घेतला आणि आईकडे एकदा बघून हळूच म्हणाली, “पाब्बी केमुर एक्की.”

बाबा येत नाही. मला कोणी सांगावं लागलं नाही. आठ महिने न्हाणीघराबाहेर उभं राहून मी शिकले होते.

यांचा चेहरा उतरला. वही चाळली. वहीत काय असणार? शेवटी जे होतं ते म्हणाले.

“वेगुरिन एर लोकादुर.”

ठकीने ते खरं धरलं. मान हलवली. तिच्या देशात रस्ते बंद होतातच. मग विचारलं, “क्वेनाइर?”

कधी, म्हणजे कधी उघडणार. हा प्रश्न यांना पस्तीस वर्षं प्रत्येक मजल्यावर लोकांनी विचारला होता आणि यांचं उत्तर ठरलेलं असे: होईल तासाभरात. खरं असो, खोटं असो, तोंडात तयार. आज ते तोंड उघडेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. पोर वाट बघत होती. त्या नालायकाची वाट माझी नात बघत होती, आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की मी यांना कोपराने बाजूला सारलं.

“आम्मा केमुर,” मी नकाराचं ‘एक्की’ गाळून म्हटलं.

ठकीने डोळे मोठे केले. मग मागे वळून ओरडली, “मम्मा! आम्मा केमुर!” सूनबाई फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

फोन बंद झाल्यावर हे माझ्याकडे बघत बसले.

“अगं, हे काय बोलून बसलीस? पासपोर्ट नाही आपल्याकडे.”

“काढा.”

“इतक्या लांब? या वयात?”

“त्याच्या लग्नाला मी बॅग भरून बसले होते. ‘जिथलं एक अक्षर कळत नाही तिथे मी येणार नाही’ म्हणून कोण अडून बसलं? आता अक्षर कळतंय ना? आठ महिने माझं डोकं उठवलंत, ते फुकट?”

त्यांनी वही ओढली आणि माझं वाक्य सुबक अक्षरात लिहिलं. अर्थ लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“कुठून घेतलं, काय लिहू? हे कुठे छापून आलेलं नाही.”

“घरातून, लिहा.”

त्यांनी लिहिलं. मी कप उचलून आत गेले. परत आले तेव्हा वही उघडीच होती. माझ्या वाक्याखाली, जरा बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती: आवी केमुर.

“खूण नाही केलीत?” मी विचारलं.

“फेरी व्हायची आहे अजून,” ते म्हणाले आणि चष्मा लावून फोनवर पासपोर्टचा अर्ज शोधायला लागले.