धक्क्याची नोंद

तिने चाळीस किलोची वाळूची गोणी पुन्हा छातीशी उचलली आणि खाली सोडून दिली. प्रयोगशाळेची फरशी हादरली, टेबलावरचे पेचकस खणखणले, पडद्यावर एक उंच टोक उमटून विरत गेले.

"नाही," मिस्त्री म्हणाला. उपकरणे जुळवणाऱ्या त्या तंत्रज्ञाला सगळे याच नावाने हाक मारत. "त्या घरातला धक्का असा नाही."

"आणखी वरून टाकू?"

"एकोणीस वेळा टाकलीत. आता एक तर गोणी फाटेल, नाही तर तुम्ही."

पीएचडीनंतरची तिची दोन वर्षे त्या लहानशा डबीत गेली होती. आत नखाहून लहान असा एक पापुद्रा होता आणि त्यावर लेझरचा किरण. घरात कोणी पडले, की फरशीचा हादरा पापुद्र्यापर्यंत पोचे, परतणारा प्रकाश थरथरे आणि प्रयोगशाळेत सूचना वाजे. म्हाताऱ्या माणसांच्या बारा घरांत डब्या बसवल्या होत्या. अकरा घरांची काही तक्रार नव्हती. बाराव्या घरातून महिन्याभरात सात सूचना आल्या, आणि दर वेळी फोनवर म्हातारीचा मुलगा हसत म्हणाला, "आई ठणठणीत आहे. तुमचं यंत्रच चक्कर येऊन पडतंय, ताई." यंत्र कुठे चुकते ते शोध, नाही तर ती डबी काढून आण, असे सरांनी बजावले होते.

"ढकलून बघा," मिस्त्री म्हणाला. त्याने गोणी भिंतीपाशी स्टुलावर उभी केली.

तिने ढकलली. गोणी कलंडली.

"अशी नव्हे. सासरच्या कुणाचा तरी राग काढा."

"मला सासर नाही."

"मग सरांचा काढा!"

ती हसली, चार पावले मागे गेली आणि धावत येऊन दोन्ही तळहातांनी गोणीवर आदळली. गोणी भिंतीवर आपटली, तिथून खाली कोसळली, शिवण उसवून वाळू भळाभळा वाहू लागली. धापा टाकत ती पडद्यापाशी परतली.

त्या घरातल्या धक्क्याची आणि आताची, दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. आधी भिंत, मग फरशी. आणि त्यानंतर, सारख्या अंतरावर, बारीक बारीक टोके.

"हे काय?" मिस्त्रीने विचारले.

"माझी पावलं. गोणीपासून इथपर्यंत."

तिने त्या घरातल्या सातही नोंदी एकापाठोपाठ उघडल्या. इतर घरांत कोणी पडले, की पावले त्याच्याकडे धावत येत. इथे ती दूर जात होती. सावकाश. वाळू लोटायला घेतलेला झाडू मिस्त्रीच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानेच दार उघडले. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर निघायच्या बेताने हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेली होती.

"डबी न्यायला आलात? वा, सुंठीवाचून खोकला गेला."

आजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत हात निळा पडून आता पिवळा होऊ लागला होता. कोणी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "मी पडते गं. तोल जातो."

"डबी चुकत नाही," ती मुलाला म्हणाली. "आजींना कोणी तरी ढकलतं. सात वेळा ढकललंय."

त्याने पिशवी शांतपणे खाली ठेवली. पान्हा काढला. पहिल्याच घावाला भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या डबीची काच फुटली. दुसरा त्याने उगाच घातला, आणि तिसराही. मग वळून त्याने तिचे मनगट धरले, पिरगाळले आणि तिला भिंतीवर फेकले. खांदा आपटला, पाठोपाठ गुडघे फरशीवर आले. आधी भिंत, मग फरशी. केस मुठीत धरून त्याने तिचा कान फुटक्या डबीपाशी नेला.

"ऐक. काय सांगतंय आता? बोल ना!"

काचेची कड तिच्या गालात रुतली.

"सोड तिला," आजी म्हणाल्या.

त्याने सोडले. आजींनी पुढची शेंग फोडली.

"डोकं फिरलं माझं, ताई. होतं असं," तो पान्हा पुसत म्हणाला. "यंत्र हातातून पडलं, फुटलं. काय कागद भरायचा तो भरा आणि निघा."

तिने डाव्या हाताने कागद काढला. उजव्याची बोटे मिटत नव्हती. शेवटच्या सूचनेच्या तारखेपुढे 'काय घडले' असा रकाना होता.

"आजी, हे तुमच्याच हातानं लिहावं लागतं."

"लिही, आई. जे आहे तेच लिही."

आजींनी बोटे पुसली. अक्षर फळ्यावरच्यासारखे होते, मोठे आणि सुटे: 'स्वयंपाकघरात पडले.' खाली त्यांनी सही केली. मुलाने खांद्यावरून वाकून ते वाचले, आईच्या पाठीवर थोपटले आणि पाहुणीसाठी दार सताड उघडून धरले.

ती कागद उचलू लागली, तेव्हा आजींनी त्यावर हात ठेवला.

"थांब गं पोरी. घाईत लिहिलं की हे असं होतं."

त्यांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले. 'प' आणि 'ड' यांच्यामधल्या मोकळ्या जागेत वरून खाली एक सरळ रेघ ओढली.

"काना राहिला होता."

"निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी हिची मास्तरकी सुटत नाही," दारातून मुलगा हसत म्हणाला.

आजींनी कागदाची चार पदरी घडी घातली, ती तिच्या डाव्या हातात ठेवली आणि आपल्या हाताने तिची बोटे एकेक करून मिटवली.