तिसऱ्या ओळीतली चीर

आई शिलाईयंत्रावर बसली की गायची. पायाच्या लयीत दोन ओळी टीप घातल्यासारख्या सरळ जायच्या आणि तिसरीत आवाज चर्रकन फाटायचा. ती हसायची, दातांनी दोरा तोडायची, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. ते यंत्र थांबून बारा वर्षं झाली. तिच्या रेकॉर्डिस्ट मुलाच्या, दादाच्या, कानात ते अजून चालूच होतं.

तेवढीच वर्षं तो धाकट्या बहिणीच्या आवाजावर इस्त्री फिरवत आला होता. सूर सरळ करायचा, श्वास पुसायचा, वरून घुमारा चढवायचा. गाणी तुफान चालली. हळूहळू बहिणीला घरातही आपला आवाज उघडाबोडका वाटायला लागला. मग दादानेच तिला बोलता बोलताच आवाज सरळ करणारी, गळ्यात अडकवायची एक डबी करून दिली. तेव्हापासून ती डबीतूनच बोले. दूधवाल्याला "एक लिटर" म्हटलं की घुमारा तेच तीनदा म्हणे, आणि तो मुकाट्याने तीन लिटर ओतून जाई. भांडण इतकं सुरेल व्हायचं की नवरा मधेच मांडीवर ठेका धरायचा. मग ती जास्तच चिडायची, आणि जास्तच गोड लागायची.

आज नव्या गाण्यासाठी ती स्टुडिओच्या काचेआड माइकसमोर उभी राहिली आणि डबी बंद पडली.

रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी डबीला नळी लावली.

"खोल श्वास घ्या," ते डबीला म्हणाले. मग चिठ्ठी खरडली. "आठवडाभर विश्रांती. गार काही देऊ नका."

"आणि बाईंचा घसा?" साहेबांनी विचारलं.

"तो मी बघितला नाही. त्याची तक्रार कुठे होती?"

डॉक्टर गेले. बहीण ओठ घट्ट मिटून उभी.

"बाई, नुसतं हं तरी म्हणा," साहेब काकुळतीला आले. तिने मानेनेच नकार दिला. तसे ते दादाकडे वळले. "तुमची बहीण, तुम्हीच समजवा. पाचपर्यंत गाणं मिळालं नाही तर मी दुसरी बघतो. डबीतून गाणाऱ्या पैशाला पासरी मिळतात."

ते चहाला बाहेर पडले. बहिणीने गाण्याच्या कागदामागे काहीतरी लिहिलं आणि काचेला टेकवून धरलं. पलीकडून दादाने वाचलं.

"पहिल्याच गाण्याला तू माझा आवाज सरळ केलास. तेव्हाच मी काय ते समजले. आज खरं सांग, किती वाईट आहे?"

दादाने उगाच दोन बटणं वरखाली केली. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला. मग उठला, जड दार ढकलून तिच्या खोलीत गेला आणि माइक बाजूला सारला.

"वाईट नव्हता गं," तो म्हणाला. त्याचाच आवाज घोगरा झाला होता. इथे तो सरळ करायला कोणी नव्हतं. "आईला जाऊन महिना झाला होता. तू गायला लागलीस आणि तिसऱ्या ओळीत फाटलीस. हुबेहूब तिच्यासारखी. तू कुठेच चुकली नव्हतीस, बाळ. मलाच ते ऐकवलं नाही."