तिपटीचा फरक

तिचा नवरा डोंगराच्या पोटात काम करायचा. बोगद्याच्या आत, खडकाच्या जाड थराखाली, जर्मेनियमचे स्फटिक गारठवून ठेवले होते. त्यांतल्या एखाद्या अणूतून न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांशिवाय नुसते दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात का, याची तो आणि त्याचे सोबती डोळ्यांत तेल घालून वाट बघत होते. तसं घडलेलं आजवर कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं असतं, तर न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे, हे कळलं असतं.

अणूचा हा क्षय किती दुर्मीळ असेल, याचं गणित ती दूरच्या विद्यापीठात मांडायची. घोडं अडायचं ते अणुकेंद्रापाशी. आतल्या कणांची ओढाताण इतकी गुंतागुंतीची, की जितक्या पद्धती तितके आकडे, आणि मोठा आकडा लहानाच्या तिप्पट. त्यात त्याचा वर्ग करायचा, म्हणजे लहान आकडा खरा असेल तर वाट पाहण्याचा काळ नऊपट!

"आई, भुयारवाले बाबा कधी येणार?" लेक विचारायची.

"सांगता येत नाही गं."

"मग तू गणित कसलं करतेस?"



अशातच तिच्या पद्धतीत आजवर सुटलेला एक भाग तिने घातला, आणि आकडा चांगलाच वर गेला. तो खरा असेल तर आहे त्याच यंत्रावर दोन-तीन वर्षांत निकाल लागून तो घरी येणार होता. नाहीतर कितीतरी मोठं यंत्र बांधायचं, म्हणजे आणखी कितीतरी वर्षं. निर्णय समिती घेणार होती, आणि समितीसमोर बोलायचं होतं तिला. ती हरखून गेली. कपाटात त्याच्या सदऱ्यांसाठी तिने जागासुद्धा केली.

तिला घडवणाऱ्या मास्तरांनी कागद वाचले. "साध्या बीटा क्षयात, जिथे एकच इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तिथेसुद्धा आपला आकडा प्रयोगापेक्षा जास्त येतो, मग आपण तो दाबून कमी करतो. इथे किती दाबायचा?"

"ठाऊक नाही, सर."

"मग तेच सांग."

समितीला तिने तेच सांगितलं. आलेखावर एक रेघ न काढता रुंद पट्टा काढला, आणि खालचं टोकही तितकंच शक्य आहे, असं म्हणाली. समितीने मोठं यंत्र मंजूर केलं. नवऱ्यालाच त्याचा प्रमुख नेमलं.

त्याचा फोन आला. "पट्टा बघितला. एवढा रुंद?"

"अरे, तेवढाच खरा आहे."

"तू वरचा आकडा रेटला असतास, तर मी आलो असतो."

"आला असतास, पण उद्या काहीच दिसलं नसतं, तर ते माझ्यामुळे की निसर्गामुळे, हे तुला कधीच कळलं नसतं. पण मला तू हवा आहेस रे. हे गणिताबाहेरचं आहे, म्हणून आजवर बोलले नाही."

तो म्हणाला, "सुट्टीत या ना दोघी."

सुट्टी लागताच त्या गेल्या. बोगद्याच्या तोंडाशी शिरस्त्राणं घातलेली माणसं एकेक करून बाहेर येत होती. लेकीने दोनदा भलत्याच माणसाकडे धाव घेतली. तिसऱ्यांदा मात्र बापाने तिला उचललंच. बायकोकडे बघून तो हसला. कानांजवळ त्याचे केस पिकले होते. तिने हात पुढे करून ते नुसते चाचपून पाहिले.

सकाळी त्याला पुन्हा आत जायचं होतं.