सहावं बूच

सुकदेवमामा धरणावर मासे धरतो आणि मी पहूरला ठिबकच्या नळ्या विकतो. म्हणजे पाण्यातलं मला जास्त कळतं, असं आमच्या घरात ठरलेलंच होतं.

मागच्या भादव्यात मामाच्या जुन्या नावेत पावसाचं पाणी साचलं, नाव पालथी झाली, आणि मामा दोन तास तिच्या बुडाला धरून तरंगला. म्हणून यंदा पाणी न साचणारी नाव घ्यायची होती. धरणगावकडच्या रतिलालनं आपली फायबरची नाव विकायला काढली, तेव्हा मामा मला घेऊन गेला.

नावेच्या आत, पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी सपाट फळी. फळीच्या कडेला, दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं.

"मामा, नाव गळकी शे," मी म्हणालो.

रतिलाल ओतून दाखवायला भरली बादली घेऊन आला. "गळकी नही, भाऊ. वरलं पानी जावाले शेतस त्या. वती दखाडू का?"

"ज्या भोकातून पाणी जाईल, त्यातूनच येईल की!" हे वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा म्हटलं.

मामानं एकदा भोकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "प्रेमराज शिकेल शे," तो रतिलालला म्हणाला, माफी मागावी तसा.

बादली भरलेलीच राहिली. भोकं मी बुजवीन म्हणालो, आणि मामानं नाव घेतली.

नाव घरी येताच मी सहाही भोकांत पीव्हीसीची बुचं ठोकली आणि वरून नळ्या चिकटवायचं सोल्यूशन चोपडलं.

आमच्या भोईवाड्यात नाव पाण्यात सोडण्याआधी तिला न्हाऊ घालतात. पाच सवाष्णी, पाच घागरी. मान म्हणून रतिलाललाही बोलावलं होतं. पाचवी घागर रिती झाली आणि फळीवर बोटभर पाणी उभं राहिलं. हळद, कुंकू, तांदूळ, सगळं तरंगायला लागलं.

"अय बाई, पानी काबरं जात नही?" भिकुबाईमामी म्हणाली.

"प्रेमराजभाऊ," शेजारचा कौतिक तांदळाकडे बोट करून ओरडला, "आते भात लाई दे!"

सगळा वाडा हसला. रतिलाल हसला नाही. "बादली त्या दिन बी व्हती, भाऊ," एवढंच म्हणाला.

मामानं हातोडी दिली. हळदीच्या पाण्यात गुडघे टेकून, सगळ्या बायकांसमोर, मी बुचं काढायला बसलो. पाच निघाली. सहावं हलेना.

"ऱ्हाऊ दे, भाचा, फायबर तडकी जाई," मामा म्हणाला. "तुन्हं काम पक्कं शे."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं.

आता पावसात मामा त्या कोपऱ्यातलं पाणी वाटीनं उपसतो. मी काठावर दिसलो, की वाटी मांडीखाली लपवतो.