न पुसलेल्या तीन ओळी

दारातून नवरा आत आला तेव्हा तिची दोन पानं अजून सेव्ह व्हायची होती.

ती ब्लाउज शिवायची. अकरा दिवस दुपारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून, एकेक अक्षर शोधत, तिने नवऱ्याविरुद्धचं निवेदन लिहिलं होतं. मुलीचा ताबा मिळावा म्हणून ते उद्या वकीलबाईंना द्यायचं होतं. आजची दोन पानं मुलीच्या हाताबद्दल होती. तिच्या हातावर त्याने वेल्डिंगचा तापलेला लोखंडी तुकडा टेकवला होता, त्याबद्दल.

"तुझ्या जावेने सांगितलं मला," तो म्हणाला. हातात लोखंडी गज होता. "माझी अब्रू टाइप करतेस काय?"

"अहो, बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? शाळा आहे ना ही? शिकव मलाही!"

गज फिरला. स्क्रीनच्या ठिकऱ्या उडाल्या, एक काच तिच्या गालात रुतली. क्लासच्या बाई किंचाळल्या. शेजारच्या खुर्चीतले निवृत्त पोस्टमन उभे राहिले. पडद्यावर आता काळं भोक होतं.

"गेलं सगळं!" तो हसला. "आता कर तक्रार."

तिला टेबलाखालून पंख्याची घरघर ऐकू येत होती. स्क्रीन म्हणजे नुसता आरसा, लिहिलेलं असतं खालच्या डब्यात, हे बाईंनी तिच्याकडून चार वेळा वदवून घेतलं होतं. डबा जागा होता. पण आजची पानं अजून त्याच्या तात्पुरत्या आठवणीत होती. वीज गेली की तीही जाणार. आणि विजेची वायर नवऱ्याच्या बुटाला घासत होती.

त्याने खाली पाहू नये म्हणून ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. हीच तिची चूक झाली.

"डोळे वटारतेस?" त्याने केस धरले आणि तिचं डोकं कीबोर्डवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याने ते तसंच दाबून धरलं. नाकातून रक्त आलं, की कपाळातून, तिला कळलं नाही. गाल बटणांवर चेपला गेला होता.

"सोडा तिला!" पोस्टमन ओरडले.

"म्हाताऱ्या, बस खाली. नाहीतर तुझंही पार्सल करीन."

केस सुटले. तिचा डावा हात सेव्ह करायला आपोआप कंट्रोलच्या बटणाकडे गेला. गज त्याच हातावर पडला. बोटांतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. क्षणभर तिला खोलीच दिसेना.

मग तिने उजवा हात पुढे केला. अंगठा कोपऱ्यातल्या बटणावर, मधलं बोट एसवर. न बघता दाबलं. फाइल जुनी होती, नाव आधीच दिलेलं होतं, मशीन काही विचारणार नव्हतं. पण दाबलं गेलं की नाही, हे सांगणारा पडदाच नव्हता.

"अजून बोटं चालतात का?" गज पुन्हा वर गेला.

पोस्टमननी लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो आडवा झाला, पायात गुंतलेली वायर खेचली गेली आणि डबा गप्प झाला. गज उचलायला त्याने हात लांबवला. पोस्टमननी स्टूल त्या हातावर आदळलं, एकदा नव्हे, दोनदा. समोरच्या दुकानातली माणसं धावत येऊन त्याच्या पाठीवर बसली तेव्हाही तो शिव्याच देत होता.

"दवाखान्यात चल आधी," बाई म्हणाल्या.

"आधी मशीन लावा."

"अगं, बोटं बघ तुझी!"

"बाई, लावा म्हणते ना!"

बाईंनी शेजारचा स्क्रीन आणून जोडला, प्लग घातला. मशीन जागं व्हायला मिनिटभर लागलं. रक्त हनुवटीवरून ब्लाउजवर ठिबकत होतं. फाइल उघडली. पान आठ. पान नऊ. मुलीचा हात, तारीख, डाग केवढा होता ते, सगळं होतं. त्याखाली तीन ओळी नुसता र.

"हे काय? पुसते हं." बाईंनी बोट पुढे केलं.

"नका पुसू," ती म्हणाली. "त्या वेळी त्याने माझं डोकं दाबून धरलं होतं."

मग उजव्या हाताच्या एका बोटाने तिने त्याखाली आजची तारीख लिहायला घेतली.